गौरीचं काजळ

हमरापुरात मुखवट्याचं सगळ्यात शेवटचं काम म्हणजे आखणी. साच्यातून काढणं, वाळवणं, घासणं, अस्तर मारणं, मग 'बॉडी', म्हणजे त्वचेचा रंग, हे सगळं उरकलं की आंधळ्या गौरींची रांग फळीवर लागते आणि डोळे आखणाऱ्याच्या हाती येते. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पेणजवळच्या आमच्या पट्ट्यात गणपतीचे कारखाने इतके, की रंग न लागलेला हात शोधावा लागेल. पण आखणी करणारे हात थोडे. मी त्यातली एक, आणि त्यातही गौरीच्या मुखवट्यांची.

माझ्या गौरी जुन्या वळणाच्या दिसतात, असं गिऱ्हाइकं म्हणतात. खरंच आहे ते. त्या 1960च्या दशकातल्या बायकांसारख्या दिसतात, कारण बाई नटते म्हणजे काय करते हे मी त्या दशकात पाहिलं आणि माझा हात तिथेच तयार झाला.

माझं बालपण पेणमधलं. आई नऊवारीतली, आणि गिरगावात राहणारी मावशी गोल साडीतली. गणपतीला मावशी एसटीने यायची. वाशीचा पूल झाला 1973मध्ये, त्याआधीचे हे दिवस. ठाण्यावरून, पनवेलवरून, खारपाड्याचा पूल ओलांडून ती दमून पोचायची, पण तिचा अंबाडा हललेला नसायचा. आत गंगावन, वर जाळी, आणि पुढचे केस विंचरून फुगवलेले. 1960मध्ये 'लव्ह इन सिमला' आला आणि साधनाच्या कपाळावरच्या बटा मुंबईच्या मुलींनी उचलल्या. आमच्या पेणपर्यंत ती फॅशन मावशीच्या धाकट्या नणंदेच्या कपाळावरून आली. नायलॉनची साडी मी पहिल्यांदा हाताळली ती मावशीचीच. धुतली की तासाभरात वाळते, याचं आईला इतकं अप्रूप, की ती वाळेपर्यंत अंगणात उभी होती. 1963मध्ये सोने नियंत्रण आलं, नवे दागिने 14 कॅरटच्या वर घडवायचे नाहीत असा नियम झाला. मला वाटतं, बायकांची हौस तेव्हा गळ्यातून थोडी वर सरकली, केसांवर आणि चेहऱ्यावर आली.

मावशीच्या पेटीत मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो असे, पावडरचा डबा असे, आणि पुढे लॅक्मेची लिपस्टिक आली. टाटांनी लॅक्मे काढली 1952मध्ये. सिमोन टाटा 1961मध्ये तिच्या संचालक मंडळावर आल्या. हे मला अर्थात खूप नंतर कळलं. तेव्हा कळायचा तो वास, आणि मावशीचे हात. ती बोटाच्या टोकावर स्नो घेई, कपाळ, गाल, हनुवटी असे ठिपके देई आणि खालून वर चोळी. स्नो त्वचेत मुरून दिसेनासा होई. वर पावडरचा पातळ हात. चेहरा कोरडा, मऊ, बिनचकाकीचा होई. मग मधल्या बोटाने कपाळावर मेण, मेणावर कुंकू, ते गोल कोरून घ्यायचं. मेणामुळे कुंकवाला तेवढीच ओली झाक येई. सगळ्यात शेवटी काजळ. एवढ्या सगळ्या चेहऱ्यात चमकायचं काय, तर डोळे आणि कुंकू. बाकी काही नाही.

माझ्या रंगकामाचा सगळा नियम या एका गोष्टीत आहे. त्वचा मॅट, डोळा ओला.

काजळ मात्र पेटीतलं नसे, ते घरचं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरायची, रात्रभरात तिच्यावर काजळी बसे, सकाळी ती खरवडून लोण्यात किंवा तुपात खलायची. पेणच्या ज्या कारखान्यात मी पुढे शिकले, तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांच्या वेळी मूर्तीचा काळा रंगही काजळीचाच होता, फक्त तुपाऐवजी डिंकात खललेला. बाईच्या डोळ्यात तुपातली काजळी, गौरीच्या डोळ्यात डिंकातली. आता तयार काळा रंग बाटलीत मिळतो आणि मी तोच वापरते. पण पहिला ब्रश बुडवताना ती ताटली आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या काळातल्या चेहऱ्यांवर आणखी एका माणसाचा हात होता, रघुवीर मुळगावकरांचा. गोव्याच्या अस्नोड्याचा हा चित्रकार, एअरब्रशचा बादशहा. त्यांच्या लक्ष्मी, सरस्वती, राधा कॅलेंडरांवरून घराघरांत गेल्या, 'रत्नप्रभा'च्या दिवाळी अंकांवरून त्यांच्या नायिका गेल्या, आणि दोघींचे डोळे सारखेच: लांब, टोकाला किंचित वर गेलेले, जड पापण्यांचे. आमच्या कारखान्यांच्या भिंतींवर ती कॅलेंडरं वर्ष संपलं तरी उतरत नसत. बाईने देवीसारखं नटावं की देवी बाईसारखी रंगवावी, हा प्रश्न त्या भिंतीपुढे कुणाला पडत नव्हता. मला तो आजही पडत नाही. गौर माहेरवाशीण म्हणून येते. ती आपल्या घरातल्या बाईसारखी दिसली पाहिजे, सणाच्या दिवशी मनापासून नटलेली.

आणि झाडं. रंग त्यांनीही शिकवले. आईच्या ओटीवर डालड्याच्या डब्यांत तुळस, मोगरा, अबोली. मावशीने गिरगावच्या चाळीतून आणलेला मनीप्लांट औषधाच्या बाटलीत, पाण्यावर. शेजारच्या बंगलीच्या पायरीवर क्रोटन. हिरव्यातून पिवळा, पिवळ्यातून लाल कसा उतरतो हे मी त्या क्रोटनच्या पानात पाहिलं. गालावरची लाली कडा न दिसता बॉडीत विरवायला पुढे तेच कामी आलं. पण सगळ्यांत जवळचा तेरडा. तो कुणी लावत नाही, पहिल्या पावसात कुंपणाशी आपणहून उगवतो आणि भाद्रपदात फुलतो. त्याच्या पाकळ्या नखांवर चोळून आम्ही मुली नखं रंगवायचो, मावशीच्या नेलपॉलिशला आमचं तेच उत्तर. आमच्याकडे कितीतरी घरांत गौर म्हणून तेरड्याची रोपंच आणतात आणि त्या जुडीला मुखवटा बांधतात, साडी नेसवतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण आहे; गौरही तीनच दिवस राहते, अनुराधेला येते, ज्येष्ठेला जेवते, मूळावर जाते. हमरापूरच्या अंगणात मी तेरडा उपटू देत नाही. ओठांचा रंग कालवताना एक पाकळी शेजारी ठेवते.

आता आखणी. मुखवटा डाव्या तळहातावर, कोपर गुडघ्यावर टेकवलेलं. आधी डोळ्यातला पांढरा, निव्वळ पांढरा नाही, त्यात कणभर पिवळा. नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबीची पुसट छटा. मग तपकिरी बुबुळ, वरच्या पापणीखाली थोडं झाकलेलं. पूर्ण गोल दिसलं की गौर दचकल्यासारखी दिसते. मग काळी बाहुली. मग वरची काजळरेघ: नाकाकडून सुरू, मधे जाड, कानाकडे निमुळती, आणि एकाच श्वासात. ही रेघ दोनदा गिरवता येत नाही. भुवई नंतर. सगळ्यात शेवटी बाहुलीत पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. नजर जरा खाली लावायची, कारण गौर उंचावर उभी असते आणि आपण खाली बसलेलो असतो. वाळलं की फक्त डोळ्यांवर वॉर्निश.

हल्ली कंप्रेसरवरच्या एअरब्रशने मोत्याची झाक असलेला रंग मारतात. काम झपाट्याने होतं, आणि सीझनमध्ये झपाटा लागतोच. मुळगावकरांचं हत्यार आज मजुराच्या हाती आहे, याचा मला आनंद आहे. पण गाल, नाक, कपाळ सगळंच चमकायला लागलं की डोळा मरतो. वर खडे चिकटवले की मेलेला डोळा दिसतही नाही. आणि तो गुलाबी गोरेपणा! स्नोच्या जाहिरातींनी तो तेव्हाही विकला होता आणि आमच्या कारखान्यांनी तो उचलला होता. त्या दशकातली ही एक गोष्ट मी सोडून दिली. माझी गौर गव्हाळ असते.

वाशी-पनवेलच्या सुना जुने मुखवटे घेऊन येतात, सासूबाईंच्या वेळचे. एका म्हाताऱ्या बाईंनी बजावलं होतं, "बाय, रंग कायबी दे, पन डोलं तेच ठेव." त्यांचं अगदी बरोबर होतं.

म्हणून सांगते. मुखवटा घ्यायला याल तेव्हा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. दारात आणा, जमल्यास समईच्या उजेडात धरा. आधी काय चमकतंय ते बघा. गाल चमकत असेल तर परत ठेवा. आणि घरातला जुना मुखवटा रंग उडाला म्हणून विसर्जित करू नका. बॉडी नवी मारून मिळते, ओठ नवे मिळतात. जुनी आखणी शाबूत असेल तर कारागिराला डोळ्यांवर ब्रश फिरवू देऊ नका, समोर बसून करून घ्या.