समितीचं डिपॉझिट

समितीचं डिपॉझिट एका खिशातून येत नाही. ते वर्गणीतून उभं राहतं. येळ्ळूरचा भात पिकवणारा, गणपत गल्लीतला दुकानदार, निवृत्त झालेले मराठी शाळेचे गुरुजी, अशा पुष्कळांच्या नोटा त्यात असतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार ते हातात घेऊन अर्ज भरायला निघतो तेव्हा मागून घोषणा चालू असते, बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.

खिडकीशी पोचल्यावर मात्र त्याला कुणी ओळखत नाही. समितीला निवडणूक आयोगाची मान्यता नाही, त्यामुळे तिचा माणूस कागदावर अपक्ष. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, याला दहा लागतात. पक्षाचं राखीव चिन्ह नाही. मोकळ्या यादीतून जे मिळेल ते पंधरवड्यात गल्लोगल्ली पोचवायचं. आणि नियम सगळ्यांना सारखाच. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर डिपॉझिट परत, नाहीतर सरकारजमा.

तरुणपणी ते रुबाबात परत यायचं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगावचा हा मराठी पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत समितीचे आमदार निवडून आले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने १९६७ मध्ये बेळगाव म्हैसूरकडेच ठेवायला सांगितलं. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि ती गावंही जिथल्या तिथे राहिली. लोकांना कुणी स्वतंत्र कौल विचारला नाही. मग दर निवडणूक हाच कौल, असं सीमाभागाने ठरवलं आणि डिपॉझिटच्या अंगावर ते ओझं आलं.

१९९६ मध्ये त्याने सगळ्या देशाला आपल्याकडे बघायला लावलं. लोकसभेचं डिपॉझिट तेव्हा फक्त ५०० रुपये होतं. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचं लक्ष वेधायचं म्हणून मराठी माणसांनी रांगा लावून अर्ज भरले आणि बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० आणि तमिळनाडूत मोडाकुरिचीच्या विधानसभा जागेवर १,०३३ उमेदवार होते. ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांना मतपत्रिकेवर जागा सापडली होती. बेळगावच्या सगळ्या अर्जांचं डिपॉझिट मिळून फार तर २ लाख २८ हजार रुपये. एवढ्या पैशांत एका भागाने आपलं म्हणणं देशाच्या निवडणुकीच्या इतिहासात कायमचं नोंदवलं.

सरकारने उत्तर दिलं ते डिपॉझिटलाच. त्याच वर्षी कायदा बदलून ५०० चे १० हजार केले, सूचक दहा केले. पुढे रक्कम २५ हजारांवर गेली. आज ४५६ जणांना उभं राहायचं तर १ कोटी १४ लाख लागतील. गरिबाच्या निषेधाची किंमत वाढवली, त्याच्या प्रश्नाला मात्र कुणी हात घातला नाही. महाराष्ट्राने ८६५ गावांसाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल अजून नाही.

महापालिकेत हे डिपॉझिट घरच्यासारखं वावरत असे. वॉर्ड लहान, उमेदवार ओळखीचा, आणि अनेक वर्षं सभागृहात मराठी बहुमत. २००५ मध्ये महापौर विजय मोरे यांच्या काळात महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव झाला. बंगळुरात मोरे यांच्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि राज्य सरकारने महापालिकाच बरखास्त केली. २०२१ च्या निवडणुकीत ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. आता घरातही त्याला जागा मागावी लागते.

लोकसभेला तर नकाशाच त्याच्या विरुद्ध आहे. निपाणी चिकोडी मतदारसंघात, खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात, आणि बेळगावच्या जोडीला सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल, गोकाक. मराठी मतं तीन ताटांत वाढलेली; एक षष्ठांश भरणार कसा? तरीही २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण शुभम शेळके यांना १,१७,१७४ मतं पडली. विजयी मंगला अंगडी यांचं मताधिक्य होतं ५,२४०. डिपॉझिट गेलं, पण एक लाखाहून अधिक माणसं अजून या मागणीबरोबर आहेत हे सरकारने स्वतःच्या हाताने मोजून लिहून दिलं. पंचवीस हजारांत असा दाखला दुसऱ्या कुठल्या कचेरीत मिळत नाही. म्हणून गेलेलं डिपॉझिट वाया गेलं असं मी कधी म्हणणार नाही.

मात्र विधानसभेला समिती हरते, त्याचं कारण नकाशा नव्हे. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन जागा समितीने जिंकल्या होत्या. २०१८ मध्ये गट पडले, एकाच जागेवर समितीच्या नावाने दोन-दोन उमेदवार उभे राहिले आणि एकही आमदार आला नाही. २०२३ मध्येही नाही. बाहेरच्यांनी लादलेला पराभव सीमाभागाने सत्तर वर्षं ताठ मानेने सोसला आहे. हा पराभव घरात तयार झालेला आहे, आणि तो टाळता येतो.

वर्गणी देणारा पावतीही मागत नाही. एका जागेवर एकच अर्ज, एवढं मागण्याचा हक्क त्याला नक्कीच आहे, आणि तो त्याने पुढाऱ्यांच्या तोंडावर, नोट देण्याच्या आधी, बजावावा.