ठाकुर्लीत किती माणसं राहतात?

ठाकुर्लीची लोकसंख्या किती, या प्रश्नाचं थेट उत्तर जनगणनेच्या तक्त्यात सापडत नाही. 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे 12 लाख 47 हजार आहे. त्याच वेळी उल्हासनगर 5 लाखांच्या थोडं वर आणि भिवंडी 7 लाखांच्या वर आहे. ठाकुर्ली मात्र शहर म्हणून कुठेच नाही, कारण ठाकुर्लीला स्वतःची नगरपालिका नाही. ती महापालिकेच्या प्रभागांमध्ये वाटली गेली आहे. स्टेशन आहे, नाव आहे, पिन कोड लिहून पत्रं येतात, पण ‘ठाकुर्ली इतके लाख’ असं सांगणारी ओळ नाही.

गंमत पुढेच आहे. रेल्वेने ज्या ठिकाणाला ठाकुर्ली नाव दिलं, ते मूळचं चोळे गाव. पूर्वेला उतरलं की चोळेगाव, कांचनगाव, खंबाळपाडा आणि नव्वद फुटी रस्ता. आणि ज्याला जुने लोक ‘मोठागाव ठाकुर्ली’ म्हणतात ते गाव डोंबिवली पश्चिमेला, उल्हास खाडीच्या काठावर, माणकोलीचा पूल जिथून सुरू होतो तिथे. म्हणजे ठाकुर्ली गावाला जायचं तर डोंबिवलीला उतरायचं, आणि ठाकुर्लीला उतरलं की आपण चोळ्यात. नवीन माणूस चुकीच्या टोकाला पोहोचून फोन करतो तो यामुळेच.

भूगोल शिकवताना मी मुलांना म्हणते, की वस्ती का वसली हे बघायचं असेल तर आधी पाणी बघा आणि मग वाट बघा. इथे दोन्ही आहेत. एका बाजूला उल्हासची खाडी आणि कांदळवन, आग्नेयेला आकाशात मलंगगडाची रांग, आणि मधून रेल्वेचे रूळ. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला धावली आणि पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, रूळ कल्याणपर्यंत आले. ते याच शेतांमधून. पण गाडी जाते म्हणून लगेच वस्ती होत नाही. ठाकुर्लीला माणसं आणली ती विजेने. जीआयपी रेल्वेने गाड्या विजेवर चालवायला घेतल्या आणि त्यासाठी 1929 च्या सुमारास खाडीच्या बाजूला स्वतःचं वीजघर उभारलं, तेच चोळे पॉवरहाऊस. कोळसा रेल्वेने येई, पाणी खाडीच्या बाजूचं. कामगारांसाठी वसाहत झाली. बावनचाळ हे नाव आजही तोंडात आहे. 1980 च्या दशकात पॉवरहाऊस बंद पडलं. आता त्याची नावनिशाणी तेवढी उरली आहे.

रेल्वेच्या वसाहतीत एक चांगली गोष्ट असे. घर कोणाला मिळणार हे नोकरीच्या दर्जावर आणि प्रतीक्षायादीवर ठरायचं, आडनावावर नाही. आग्री गावकरी, घाटावरचे मराठे आणि दलित, दक्षिणेकडचे, उत्तरेकडचे, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एका नळावर. जुन्या पिढीशी बोललं की हे ऐकायला मिळतं. त्यात थोडा आठवणींचा गोडवा असेल, मान्य. पण घर वाटण्याचा नियम लिहिलेला होता आणि त्यात धर्माचा रकाना नव्हता, हे खरं.

या लोकलच्या मार्गावर माणसं कशी विखुरली आहेत ते स्टेशनांच्या नावांवरूनच कळतं. ठाकुर्लीहून मुंबईकडे निघा. डोंबिवली, कोपर, दिवा आणि चौथं मुंब्रा. डोंबिवली म्हणजे मराठी मध्यमवर्ग, पाडव्याची स्वागतयात्रा, 2017 चं नव्वदावं साहित्य संमेलन. मुंब्रा म्हणजे 1992-93 च्या दंगलीनंतर मुंबईतून निघालेल्या कितीतरी मुसलमान कुटुंबांचं नवं घर. उलट्या दिशेला कल्याण. तिथे कोकणी मुसलमानांची जुनी घराणी. त्याच्या पलीकडे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून झालेलं उल्हासनगर. खाडीपलीकडे यंत्रमागांची भिवंडी. या सगळ्यांच्या मधोमध ठाकुर्ली. फास्ट गाडी इथे थांबत नाही, पण स्लो गाडीत हे सगळे लोक एकमेकांना खेटून बसतात.

लग्नानंतर मी इथे राहायला आले तेव्हा घर शोधताना हा नकाशा मला पायांनी समजला. एजंट फोनवर फार आदराने बोलायचा. नाव विचारायचा, नाव सांगितलं की क्षणभर थांबायचा. मग म्हणायचा, “मॅडम, सोसायटीत नॉनव्हेज चालत नाही.” दुसरा जास्त प्रामाणिक होता. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही मुंब्र्याला का नाही बघत? तुम्हाला तुमची माणसं मिळतील.” माझी माणसं म्हणजे कोण, हे त्याने गृहीत धरलं होतं. मी मराठी शिकवते, माझे मिस्टर कल्याणला नोकरी करतात, मुलगी बालवाडीत जाणार होती. आमच्या गरजा शाळा, स्टेशन आणि पाणी या तीनच होत्या.

शेवटी घर मिळालं ते चोळ्यात, एका आग्री काकूंच्या इमारतीत. त्यांनी नाव ऐकलं, शाळेचं ओळखपत्र पाहिलं, डिपॉझिट ठरवलं. मीच न राहवून विचारलं, “काकू, आम्ही मटण-मासे खातो, चालेल ना?” त्या हसल्या. “बाई, आमच्याकडं रोज म्हावरं शिजतं. मी तुम्हाला काय विचारू?” त्या दिवसापासून रमजानमध्ये त्यांच्याकडे शीरखुर्मा जातो आणि त्यांच्या गावदेवीच्या जत्रेला आमच्याकडे जेवणाचं बोलावणं येतं. यात मला विशेष काही वाटत नाही, शेजार असाच असतो. विशेष वाटायला हवं ते एजंटच्या क्षणभर थांबण्याचं.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 23. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. पण 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सांगितलं, की संस्था आपल्या उपविधीत सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. आणि भाडेकरूचा प्रश्न तर याच्याही बाहेर. तिथे काही लिहिलेलंच नसतं, फक्त ‘सोसायटी परवानगी देत नाही’ असं तोंडी सांगितलं जातं. जे लिहिलेलंच नाही त्याविरुद्ध दाद कुठे मागायची?

अमेरिकेत मात्र हे लिहिलेलं होतं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन नावाचं उपनगर 1947 ते 1951 या काळात बटाट्याच्या शेतांवर उभं राहिलं. सतरा हजारांहून जास्त, जवळजवळ एकसारखी घरं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना परवडतील अशी. सुरुवातीच्या करारात स्पष्ट अट होती, की घरातल्या नोकरांचा अपवाद सोडून या घरात गोऱ्या वंशाखेरीज कोणी राहायचं नाही. 1948 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अशा अटी न्यायालयं अमलात आणू शकत नाहीत. 1968 मध्ये घरांच्या बाबतीत भेदभावाला बंदी करणारा कायदाही आला. तरीही लेव्हिटटाउनमध्ये काळ्या कुटुंबांचं प्रमाण आजही अगदी थोडं आहे. कागदावरची अट गेली, पण पहिल्या वीस वर्षांत कोण शेजारी झालं आणि कोण झालं नाही, ते मागे राहिलं.

ठाकुर्लीशी त्याचं आणखी एक साम्य आहे. लेव्हिटटाउनलाही स्वतःचा महापौर नाही, ते मोठ्या टाउनचा भाग आहे. पण अमेरिकेची जनगणना अशा जागांना मोजणीपुरती हद्द आखून देते आणि त्यांचा वेगळा आकडा छापते. म्हणून तिथे सुमारे 52 हजार लोक राहतात, कोणत्या वंशाचे, हे कोणालाही बघता येतं. भेदभाव झाला हे सिद्ध करता आलं, त्यात या आकड्यांचाही हात आहे. आपल्याकडे हद्दी हलत राहतात. शेजारची 27 गावं 2002 मध्ये महापालिकेतून बाहेर गेली, 2015 मध्ये पुन्हा आत आली. दोन दशकांचे आकडे शेजारी मांडायचे तर आधी हद्द तपासावी लागते.

2011 च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होते. शिक्षकांना ही ड्युटी लागतेच. जनगणना कायदा 1948 नुसार घरात मिळालेली माहिती गुप्त असते, म्हणून कोणती इमारत, कोणतं कुटुंब, ते मी सांगणार नाही. पण मातृभाषेच्या रकान्यावर काय व्हायचं ते सांगते. एका घरात मुलगा म्हणाला, “उर्दू लिहा. मुसलमान आहोत ना आपण.” आतून त्याची दादी म्हणाली, “अरे, माझ्या आईला उर्दूचा अलिफ येत नव्हता. आम्ही कोकणीत बोलायचो.” सूचना अशी होती, की लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, आणि माणूस सांगेल ते लिहायचं. मी प्रत्येकाला वेगळं विचारलं आणि एकाच घरात दोन भाषा लिहिल्या. पुढच्या रकान्यात येणाऱ्या इतर दोन भाषा लिहायच्या होत्या. तिथे त्या घरातल्या बहुतेकांनी मराठी सांगितली.

ही एकट्या त्या घराची गोष्ट नाही. 2011 मध्ये महाराष्ट्रात मुसलमान 1 कोटी 29 लाखांहून जास्त होते, आणि मातृभाषा उर्दू सांगणारे सुमारे 75 लाख 40 हजार. म्हणजे निदान 54 लाख मुसलमानांनी उर्दूऐवजी दुसरी भाषा सांगितली. मराठी, कोकणी, हिंदी, गुजराती, आणखी कितीतरी. मी उर्दूही शिकवते, उर्दूवर माझं प्रेम आहे, तिच्या शाळा टिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच म्हणते, उर्दूला खोट्या आकड्यांची गरज नाही. आणि आपण सगळे उर्दूवाले असं आपणच लिहून दिलं, तर एजंटचं ‘तुमची माणसं’ हे गणित आपणच पक्कं करतो.

आता दुसरी बाजू, जिची मला जास्त काळजी वाटते. ज्यांना कागद पक्के असलेल्या सोसायटीत घर मिळत नाही, ते कुठे जातात? जिथे कोणी नाव विचारत नाही तिथे. तशा जागा दोन प्रकारच्या. एक, काकूंसारख्या मोठ्या मनाच्या माणसांच्या. दुसरी, ज्यांना कुठलाच कागद विचारायचा नसतो अशा लोकांच्या. दोन्हीकडे इमारत कधीची, परवानगी आहे का, खांब किती जाड, हे भाडेकरू विचारत नाही. आधीच दहा ठिकाणी नकार खाल्लेला माणस प्रश्न विचारायला घाबरतो. 2015 च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत तीन मजली जुनी इमारत रात्री कोसळली आणि नऊ जण गेले. ते कोणत्या धर्माचे, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या मनात आला नाही, येऊही नये. छप्पर सगळ्यांवर सारखंच पडतं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत प्रत्येक घरातला माणूस भिंतीवरच्या भेगा मोजत होता. जिथे निवड करायची मुभा कमी, तिथे धोका जास्त. गरीब हिंदू, परप्रांतीय मजूर, एकटी बाई, मुसलमान हे सगळे याच रांगेत उभे असतात. मुसलमानांच्या बाबतीत पैसे असले तरी ती रांग सुटत नाही, एवढाच फरक.

आता पुन्हा जनगणना आली आहे. संदर्भ तारीख 1 मार्च 2027. सोळा वर्षांनी होणारी ही मोजणी मोबाइलवर होणार आहे आणि जातही विचारली जाणार आहे. या सोळा वर्षांत ठाकुर्ली ओळखू येणार नाही इतकी बदलली. पूर्व-पश्चिम उड्डाणपूल झाला, 1914 चा पत्री पूल पाडून 2021 मध्ये नवा सुरू झाला, नव्वद फुटी रस्त्यावर टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांच्या गेटवर आजही नाव विचारून थांबणारे लोक आहेत, आणि नाव ऐकून चहा ठेवणारेही आहेत.

माझ्या वाचकांना दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. प्रगणक दारात येईल तेव्हा घाईत ‘लिहा काहीतरी’ म्हणू नका. बहुतेक वेळा ती माझ्यासारखीच कोणीतरी शिक्षिका असेल, उन्हात चार जिने चढून आलेली. तिला पाणी द्या आणि घरातल्या प्रत्येकाला बोलू द्या, विशेषतः दादीला, नानीला. तिची आई ज्या भाषेत बोलायची तीच सांगा. मराठी असेल तर मराठी, दखनी असेल तर दखनी. आणि ज्यांच्या सोसायटीत सभेला बसण्याचा अधिकार आहे, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, त्यांनी पुढच्या सभेत एवढंच विचारावं, की भाडेकरू ठेवण्याचा आपला नियम कुठे लिहिला आहे, तो वाचून दाखवा. बहुतेक ठिकाणी तो लिहिलेला नसतो. मोठ्याने विचारलं की अध्यक्षांना तो स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो, आणि ते वाटतं तितकं सोपं नसतं.