भिंत पाणी पितीया

रॉक ऐकणारा आंबेडकरी पोरगा म्हटला की आपल्यातलेच पुष्कळजण तोंड वाकडं करतात. गिटार, लांब केस, इंग्रजीतला आरडाओरडा. म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे चाळे. सूतगिरणीत तिसऱ्या पाळीला राबणाऱ्यानं जलसे ऐकावेत, भीमगीतं ऐकावीत. मी ती ऐकतोच. वामनदादा कर्डक आमच्या घरात भाकरीसारखे आहेत. पण रॉकही ऐकतो, आणि चोरून ऐकत नाही. का ऐकतो ते मला आधी रिंगफ्रेमवर कळलं आणि मग आईच्या घराची भिंत खरवडताना नीट कळलं. म्हणून दोन्ही एकत्रच सांगतो.

पहिल्यांदा आवाजाचं. रिंगफ्रेम खात्यात आठ तास काढलेल्या माणसाला विचारा. शेकडो चात्या एकदम फिरत असतात. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावा, नाहीतर हातवारे करा. पाळी सुटते, पण डोक्यातली फ्रेम सुटत नाही. घरी येऊन हळुवार भावगीत लावलं तर ते त्या घरघरीखाली चिरडून जातं. अशाच एका पहाटे मोबाइलवर ब्लॅक सॅबथ लागलं. गिटारीचा तो जड, खर्जातला दणका ऐकला आणि वाटलं, हा माणूस कारखान्यातला असणार. शब्द एक कळला नव्हता. माझी शाळा नववीत सुटलेली. मग डिक्शनरी घेऊन बसलो, मिळेल तिथून वाचलं. निघालं तसंच.

टोनी आयोमी. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरातला. १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीननं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे नेले. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरनं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो भटक्या रोमा समाजातला. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून त्याची दोन बोटं निकामी झाली, तरी उरलेल्या बोटांवर त्यानं जग गाजवलं. ते ऐकून आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवली, बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा हलक्या घेतल्या आणि पुढं सैल केल्या. तार सैल झाली की स्वर खाली जातो. मला ज्या दणक्यानं धरलं त्यात ह्या तुटक्या बोटांचा वाटा आहे. त्यांची पहिली तबकडी १९७० सालची. गाणारा ऑझी ऑस्बॉर्न कत्तलखान्यात काम करून आलेला. ५ जुलै २०२५ला त्यांनी आपल्याच बर्मिंगहॅममध्ये शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला ऑझी गेला. मी त्या रात्री पाळीवर होतो.

आमच्या खात्यातही एकाच्या बोटाचं पेर गेलंय. गिरणीचं नाव लिहीत नाही, पोटाचा प्रश्न आहे. त्याला रेकॉर्ड कुणी आणून ऐकवली नाही.

आता भिंतीचं.

आईचं घर इचलकरंजीत, नदीकाठच्या वस्तीत. आज्यानं उभं केलेलं, विटांचं, पण मातीच्या चिखलातलं बांधकाम. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगा घरात शिरली. छातीएवढं पाणी. ओसरल्यावर एका ठेकेदारानं ओल्या भिंतीवरच सिमेंटचा गिलावा चढवला. जाड आणि कडक. वरनं पांढरा रंग. उभं राहून फोटो काढले. वर्ष भरायच्या आत बुडापासनं पोपडे सुटले, पांढरी भुकटी गळायला लागली. भिंतीला लोणा लागला. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर. पुन्हा तोच इलाज. पोपडे पाडा, सिमेंट थापा, रंग मारा. दर खेपेला ओल वीतभर वर चढली. यंदा बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "पावणं यायच्या आत तेवढी भिंत नीट करा रं. मला लाज वाटती."

मामा गवंडी आहे. साठी उलटली, पण ओळंबा सोडला नाही. त्यानं थापीच्या मुठीनं भिंत ठोकत नेली. ढब, ढब, ढब. सगळीकडं पोकळ. म्हणाला, "भिंत पाणी पितीया. वरनं कितीबी रंगव."

मग त्यानं समजावलं. जुनी वीट मऊ, माती मऊ. जमिनीतलं पाणी वर ओढायची तिची सवयच. पूर्वी वर चुन्याचा गिलावा असायचा. त्यातनं ओल हळूहळू उडून जायची. सिमेंटनं भिंतीचं तोंड दाबलं. आतलं पाणी बाहेर पडेना, मग ते वर चढलं. पाण्याबरोबर जमिनीतला खार आला. पाणी सुकतं तिथं खार धरतो, फुगतो, आणि गिलावा ढकलून देतो.

ऐकायला सोपं आहे. करायला बसलो आणि रडकुंडीला आलो. तिसरी पाळी करून सकाळी छन्नी-हातोडा घ्यायचा. जिथं गिलावा सुटलेला होता तिथं तो थाळीसारखा पडायचा. पण जिथं धरून होता तिथं निघताना विटेचं तोंडच घेऊन निघायचा. सिमेंट कडक, वीट मऊ. चिकटलेल्या दोघांना सोडवताना मऊ असतो तोच फुटतो. हातभर जागेला तास जायचा. दोन सुट्ट्या गेल्या. हाताची सालं निघाली. दुसऱ्या सुट्टीला बुडातल्या दोन विटा आपोआप हातात आल्या आणि भोकातनं मागचं गटार दिसलं. फुटलेलं. त्याचं पाणी थेट आमच्या पायात मुरत होतं. त्या गटारासाठी वस्तीनं तीन अर्ज दिलेत. पोचपावत्या आईच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

हे खरवडताना मोबाइल घमेल्यात ठेवून गाणी लावलेली असायची. घमेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो. मामा म्हणाला, "ह्ये काय रं? माग बिघडल्यागत वाजतंय." मी मग मडी वॉटर्स लावला. मामाचा हातोडा थांबला. म्हणाला, "ह्यो रडतोय का दम देतोय?" मी म्हटलं, "मामा, दोन्ही."

मडी वॉटर्स म्हणजे गढूळ पाणी. लहानपणी चिखलात खेळायचा म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. अमेरिकेत मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यात ट्रॅक्टर हाकणारा काळा माणूस. १९४३ साली मळा सोडून शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून विजेची घेतली. गाव सोडून चाळीत आलेल्या आपल्या माणसांची गोष्ट आणि ही गोष्ट, फरक काय सांगा. कापूससुद्धा तोच. त्याच्या १९५०च्या एका गाण्यावरून लंडनच्या गोऱ्या पोरांनी १९६२ साली आपल्या बँडचं नाव रोलिंग स्टोन्स ठेवलं. त्याच्यासाठी गाणी लिहिणारा विली डिक्सन, तोही मिसिसिपीचाच. डिक्सननं लिहिलेलं, मडीनं १९६२ साली गायलेलं एक गाणं. त्याचे शब्द लेड झेपेलिनच्या १९६९च्या गाजलेल्या गाण्यात आले, पण डिक्सनचं नाव आलं नाही. १९८५ साली तो कोर्टात गेला. १९८७ साली तडजोड झाली आणि पुढं त्याचं नाव लागलं.

म्हणून गोऱ्यांचं संगीत म्हणून कुणी हिणवलं की मी सांगतो, जरा खरवडून बघा. वरचा गिलावा गोरा आहे, आतली वीट काळी आहे. ती भाजली कुठं, उचलली कुणी, ते विचारा. १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते ह्याच काळ्या माणसांकडून घेतलं. नाव घेताना लाज वाटली नाही, मग त्यांचा आवाज ऐकताना कसली?

दोस्तांनो, 'आता कुठं राहिलीय जात?' असं म्हणणारा माणूस रोज भेटतो. तो सिमेंट थापत असतो. मामानं तरुणपणी एका गावात देवळाचा चौथरा बांधला. शेवटचा दगड बसला त्या दिवशी मजुरी उंबऱ्याबाहेर ठेवून दिली. आज त्याच गावात जयंतीच्या मिरवणुकीला सरबत देतात. चांगली गोष्ट आहे, प्यावं. पण पाण्याची टाकी कुठल्या आळीत आहे आणि शेवटचा नळ कुठल्या आळीत, तेही मोजावं. आणि आपलंही मोजावं. चार गटांचे पुढारी एका स्टेजवर हात उंचावून ऐक्य झालं म्हणतात, फोटो निघतो, पुढच्या पावसाळ्यात पोपडे. खाली कुठलं गटार फुटलंय ते बघायला कुणी वाकत नाही.

लग्नाला तीन आठवडे होते. मामा म्हणाला, आज सिमेंट थापलं तर फोटोपुरतं टिकेल. नीट करायचं तर आधी पाणी वळवायचं, मग अख्खा उन्हाळा भिंत उघडी वाळू द्यायची, दरजा साफ करून भरायच्या, मग चुना. आई रडली. तिचं रडणं मला समजतं. घर पडकं दिसू नये म्हणून तिनं आयुष्यभर शेणा-मातीनं हात भरवले आहेत. मी आणि मामा गप्प बसलो. बहीण म्हणाली, "आई, राहू दे उघडी. पावण्यांनी बघू दे पूर कुठवर आलता ते."

वस्तीतल्या सहा पोरांना घेऊन मागं चर खणली, गटाराचं पाणी पाइपातनं लांब सोडलं. ज्यांचं काम आहे त्यांना चौथा अर्ज दिलाय, ह्या खेपेला बावीस घरांच्या सह्यांचा. लग्न उघड्या विटांसमोर झालं. भिंत अजून वाळतेय. बुडाला हात लावला तर गार लागते.

१४ एप्रिल आला की तुमच्या वस्तीतल्या विहारालाही रंग काढायची टूम निघेल. वर्गणी गोळा होईल. रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा भिंत मुठीनं ठोकून बघा. पोकळ वाजली तर निळा रंग वर्षभर थांबू द्या. ते पैसे गटाराला घाला. आणि खरवडताना गाणं हवं असेल तर मला बोलवा. मोबाइल माझा, घमेलं तुमचं.

जयभीम.