बशीची पाठ

परक्याच्या घरीं पानावर बसल्यावर भांडें उलटें करून पाहणें हें असभ्यपणाचें लक्षण होय, असें आम्हांस लहानपणीं शिकविलेलें. पण इंग्लंडांतील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरच्या लोकांस ही सवयच आहे. तेथील माणूस परगांवच्या उपाहारगृहांत गेला, तरी आधीं ताटली उलटी करून तिच्या पाठीवरील छाप वाचतो. न जाणो, ती आपल्याच आईच्या किंवा आजोबांच्या हाताखालून गेलेली असावयाची!

टन्स्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन व लाँगटन हीं सहा गांवें १९१० सालीं एक होऊन हें शहर बनलें. कोळसा व माती येथें जवळजवळ सांपडत, म्हणून कुंभारकाम वाढलें. पांढरी चिनी माती मात्र दूर कॉर्नवॉलहून येई. जोसाया वेजवूड १७३० सालीं बर्सलेम येथेंच जन्मला, व १७६९ सालीं त्यानें जवळच एट्रुरिया येथें आपला कारखाना उघडला. एके काळीं बाटलीच्या आकाराच्या दोन हजारांवर भट्ट्या येथें धूर ओकीत. आज पन्नासही उरलेल्या नाहींत.

आम्ही तेथें गेलों तें एका बशीपायीं. आमच्या दिवाणखान्यांतील कपाटांत निळ्या चित्रांची एक चिनी मातीची बशी आहे. पेशवाई बुडाली त्या १८१८ सालीं पुण्यांतील एका साहेबानें ती आमच्या पूर्वजांस भेट दिली, अशी कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. सोंवळ्यामुळें ती स्वयंपाकघरांत कधीं गेली नाहीं. म्हणूनच शाबूत राहिली असावी.

हॅन्लीचें संग्रहालय पाहून झाल्यावर एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आम्हीं जेफ्री गॉडेन यांचा ब्रिटिश भांड्यांवरील छापांचा कोश घेतला. तो १९६४ सालचा. त्याआधीं, १८६३ पासून, संग्राहकांस विल्यम चॅफर्स यांच्या ग्रंथाचा आधार असे. असा ग्रंथ वापरावा कसा, तें वृद्ध दुकानदारानें समजावून दिलें. आधीं कारखान्याचें नांव शोधूं नये, काळाच्या खुणा शोधाव्या. छाप शंकरपाळ्याच्या आकाराचा व त्याच्या कोपऱ्यांत अक्षरें-आंकडे असले, तर ती नक्षी १८४२ ते १८८३ या काळांत नोंदलेली. १८८४ पासून त्या जागीं नुसता नोंदणी-क्रमांक आला. 'इंग्लंड' हा शब्द असेल, तर भांडें बहुधा १८९१ नंतरचें. कारण अमेरिकेच्या १८९० च्या जकात-कायद्यानें परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. 'मेड इन इंग्लंड' असेल, तर विसावें शतक समजावें. मात्र एकट्या छापावर विसंबूं नये. जर्मनींतील माइसेनच्या दोन तिरप्या तरवारींची नक्कल कितीकांनीं केली आहे! म्हणून माती, झिलई, वजन व तळाची कड यांचीही साक्ष काढावी.

आम्हीं फोनमधील आमच्या बशीच्या तळाचें छायाचित्र पुढें केलें. त्यावर 'इंग्लंड' स्वच्छ दिसत होतें, व खालीं नोंदणी-क्रमांक. दुकानदार कांहींच बोलला नाहीं. पेशवाई व ती बशी यांच्यांत निदान सत्तर वर्षांचें अंतर पडलें होतें.

घरीं परतल्यावर काकूंस हें सांगावें कीं न सांगावें, या विचारांत आठ दिवस गेले. आल्यागेल्यास ती कथा त्याच अभिमानानें सांगत. अखेर कोश उघडून त्यांच्यापुढें ठेविला. त्यांनीं चष्मा लावून छाप ताडून पाहिला, व बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आजेसासऱ्यांनीं आणलेली ती हीच! ते मुंबईस रेल्वेंत कारकून. पहिल्या पगारांतून बशी आणली, म्हणून त्यांच्या मातोश्री चार दिवस बोलल्या नव्हत्या, असें सासूबाई सांगत. मला वाटे, ती बशी वेगळी."

आमच्या घरीं दुसरी जुनी बशी नाहीं. साहेबाची भेट गेली, आणि ज्यांचें नांवही आम्हांस ठाऊक नव्हतें, ते आमचे पणजोबा कपाटांत येऊन बसले. काकूंनीं सांगितलेली हकीकत, पणजोबांचें नांव व छापाचा काळ एका चिठ्ठीवर लिहून ती आम्हीं बशीखालीं ठेविली आहे. वाचकांच्या घरींही असें एखादें भांडें असेल. तें एकदां उलटें करून पाहावें. आणि घरांत वडील माणसें आहेत तोंवरच पाहावें.