जमीन परत देते तेव्हा

पावसाळ्यात संगमनेरला पुलावरून प्रवरा पाहिली, की खांबामागे भोवरे सुटताना दिसतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. त्यांची नक्षी पाण्याचा वेग, खांबाची रुंदी आणि पाण्याचा चिकटपणा यांच्या गुणोत्तरावर ठरते. ते गुणोत्तर सांभाळलं, तर नदी प्रयोगशाळेतल्या टाकीत आणता येते. इंजिनिअरिंगला एवढं शिकवतात. नोकरी कोडिंगची असली तरी मी रात्री वाचत बसतो ते याच्या पुढचं: नदीच्या जागी प्लाझ्मा असेल तर?

सूर्याकडून सतत येणारा वारा हा असा प्लाझ्मा आहे. सुटे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन, वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर, आणि सोबत सूर्याचं चुंबकीय क्षेत्र. त्याच्या वाटेतला खांब म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. ते या वाऱ्याला साधारण ६० हजार किलोमीटरवरच अडवतं. वारा कडेने घासत जातो तिथे भोवरे उठू पाहतात. पण चुंबकीय रेषा ताणलेल्या तारांसारख्या असतात, त्या सहजी वाकत नाहीत. वेगातला फरक त्या ताणाला पुरून उरला, तरच भोवरा गुंडाळला जातो. २००१ साली ‘क्लस्टर’च्या चार उपग्रहांनी असे भोवरे तिथे प्रत्यक्ष टिपले.

हे खोलीत करून पाहणं अवघड आहे. नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलंडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला. गोळ्याच्या ध्रुवांभोवती उजेडाची कडी उमटली. ध्रुवीय प्रकाशाचं ते छान रूप होतं, पण वाहत्या वाऱ्याचं नव्हतं. चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण गिरक्या घेतो आणि ही गिरकी अडथळ्यापेक्षा खूप लहान असेल तरच कणांचा मिळून ‘प्रवाह’ होतो. गिरकी लहान करायला क्षेत्र वाढवावं, तर रेषांचा ताण वाढून भोवरा दबतो. त्यावर उपाय म्हणून घनता वाढवावी, तर कण एकमेकांवर आदळू लागतात, जे अवकाशात जवळपास होतच नाही. एक गुणोत्तर धरावं, तर दुसरं सुटतं. म्हणून एकेक प्रयोग एकेकच प्रश्न विचारतो. टेस्ट सर्व्हरवर खरी गर्दी कधीच येत नाही, तरी आम्ही टेस्ट करतोच, तसं.

माझे वडील वायरमन होते. नगर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी किती अर्थिंग पुरल्या असतील, त्याची मोजदाद नाही. “जमीन सगळं पोटात घेते,” हा त्यांचा विश्वास. त्यांना मी कॅनडातल्या क्वेबेकची गोष्ट सांगितली. १३ मार्च १९८९ रोजी सौरवादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावलं, जमिनीतून प्रवाह अर्थिंगवाटे ट्रान्सफॉर्मरमध्ये चढला, व्होल्टेज सांभाळणाऱ्या यंत्रणा पटापट बंद पडल्या आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हंजी जमीनच परत देती?”

“देते कधीकधी.”

“आपल्याकडं?”

आपण ध्रुवांपासून लांब, त्यामुळे धोका कमी. पण शून्य नाही, आणि याचा पुरावा मुंबईतला आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. माणसांनी डोळ्यांनी यंत्र वाचून ते लिहून ठेवलं होतं. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी ही मापनं बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. तिथली नोंद आजही चालू आहे. प्रयोगशाळेत पृथ्वी मावत नाही. तिथलं उत्तर कितपत खरं हे ताडायला अशाच वह्या लागतात.

हे ऐकून अण्णांनी एकच विचारलं, “रातीला कोन असतं तिथं?”

“आता यंत्रंच नोंदवतात, अण्णा.”

“तरी बी,” ते म्हणाले, “सबस्टेशनला मानूस लागतोच.”