माळवद

सोलापूरच्या उन्हाळ्यावर माळवदासारखा उतारा नाही. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं सरकतो, डांबर चपलेला चिकटायला लागतं, कुत्री गटारात जाऊन बसतात. अशा दुपारी कुंभारीतल्या आमच्या जुन्या घराच्या मधल्या खणात वाकळ पांघरून झोपावं लागायचं, असं अव्वा सांगायची. अव्वा म्हणजे माझी आज्जी. वाकळेचं जरा जास्तच होतं, पण गारवा खरा होता. दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर नुसत्या फांद्या, त्यावर तरवडाचा पाला आणि सगळ्यात वर माती. ऊन त्या मातीतून खाली झिरपेपर्यंत दिवस मावळायचा. मग आम्ही शिडी लावून वर जायचो आणि त्याच मातीवर अंथरूण टाकायचो. अक्कलकोट रोडवरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे तिथून मोजता यायचे.

माळवदाला वर्षातून एकदाच काय ते काम असायचं. मृग निघायच्या आत पांढरीतली खारी माती बैलगाडीनं आणायची आणि वर पसरायची. खारी अशासाठी की तिच्यावर गवत धरत नाही आणि ती पाणी आत सोडत नाही. पसरली की पाणी शिंपडून चोपण्यानं चोपायची. हे काम अव्वाचं. पदर खोचून, उकिडवी बसून ती एका कडेनं चोपत यायची, आणि तो आवाज खाली घरात पोटात घुमायचा. पन्हळीकडं उतार राहिला की नाही हे ती नुसत्या तळव्यानं बघायची. एवढं करून एखाद्या पावसात गळलंच, तर उपाय ठरलेला असायचा: टाका अजून दोन पाट्या माती. आधीची माती कुणी कधी काढल्याचं मला आठवत नाही. आज्याच्या वेळची होती, त्याच्या बापाच्या वेळचीही असणार.

हे सगळं दिसायची एक जागा होती. स्वयंपाकघरात उजेडासाठी आणि धूर जायला वर साणं ठेवलेलं होतं. रात्री माळवदावर पालथं पडून त्या साण्यात हात घातला की कडेचे थर बोटांना लागायचे. दिवसा तर ते दिसायचेही. एक थर पांढरट, एक पिवळसर, मध्येच राखेची बारीक रेघ, कुठं खापराचा तुकडा. माझा हात खांद्यापर्यंत आत जायचा तेव्हा कुठं लाकूड लागायचं. आम्हा पोरांना त्याचं कौतुक वाटायचं. ज्याच्या घरची माती जाड त्याचं घर जुनं, असा हिशेब होता.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, गुलाल न धुताच आम्ही झोपलो होतो. मी बारा वर्षांचा. त्या रात्री आम्ही माळवदावर नव्हतो, पाऊस मध्येच येत होता म्हणून खाली मधल्या खणात ओळीनं पडलो होतो. पहाटे चार वाजायला चार मिनिटं होती, ही वेळ नंतर कळली. मला आधी जाग आली ती डोळ्यांत माती गेल्यानं. वरून बारीक माती भुरभुरत होती. मग आवाज, भरलेला ट्रक भिंतीला घासून जावा तसा. उतरंडीची मडकी एकावर एक फुटली. अव्वा ओरडली, "ऊठ की रे, भिंत हलालालीय!" तिनं मला आणि धाकट्या बहिणीला दंडाला धरून ओढत अंगणात काढलं. काकूनं म्हशीचं दावं सोडलं. आकाशात जवळजवळ पुनवेचा चंद्र होता आणि सगळी गल्ली गुलालानं माखलेल्या तोंडानं एकमेकांकडं बघत उभी होती.

आमच्या गल्लीत कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एकदोन जुन्या भिंतींना तडे गेले, एवढंच. घरातले वडीलधारे आप्पा म्हणाले, "कोयना असंल." १९६७ च्या डिसेंबरात कोयनानगरचा भूकंप झाला होता, त्यामुळं त्यांच्या पिढीला भूकंप म्हटलं की कोयनाच आठवायची. मराठवाड्याच्या बाजूला भूकंप होईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. शास्त्रज्ञांच्याही फारसं नव्हतं. दख्खनचं पठार म्हणजे कातळ, हलायचं नाही, असाच समज होता. तसं जिथं हा भूकंप झाला त्या किल्लारीच्या लोकांना आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासूनच हादरे बसत होते. काही जण घाबरून बाहेर झोपले, मग हादरे थांबले तसे परत घरात गेले.

सकाळी रेडिओवर नावं यायला लागली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, मंगरूळ, तळणी. आमच्यापासून फार लांब नाहीत ही गावं. हैदराबाद रोडनं नळदुर्ग ओलांडलं की त्या मुलखाची वाट लागते. तिकडं दिलेल्या लेकी होत्या, तिकडून आणलेल्या सुना होत्या. दुपारपर्यंत सोलापूरच्या दवाखान्यांत जखमी यायला लागले. गावात भाकरी गोळा करायचं ठरलं. ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी, चार दिवस टिकेल असं. चुली अंगणातच पेटल्या, कारण आत जायला बायका तयार नव्हत्या. भाकरी धोतराच्या पानांत बांधून टेंपोत भरल्या आणि काका टेंपोबरोबर गेला.

तो परत आला तेव्हा काय बघितलं ते त्यानं फारसं सांगितलं नाही. पाऊस पडत होता म्हणाला. गल्ली कुठली आणि घर कुठलं ते ओळखू येत नव्हतं म्हणाला. आणि एक गोष्ट सांगितली. ती मी तेव्हा दाराआडून ऐकली, नंतर अनेकांच्या तोंडून ऐकली आणि वाचलीही. इतक्या जणांना अग्नी द्यायला सरपण कुठून आणणार? ढिगाऱ्यातून ज्या तुळया, कड्या, फळ्या निघाल्या त्याच रचल्या आणि त्यांच्यावरच माणसं दिली. एका चितेवर एकापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी काका उठला, शिडी लावली आणि फावडं घेऊन माळवदावर गेला. माती उकरून तो खाली परड्यात टाकायला लागला. आप्पांनी हाका मारल्या, त्यानं ओ दिली नाही. अव्वा खाली उभी राहून शिव्या घालत होती, "पाऊस सरला नाही रं भाड्या, घर गळंल!" तिनं तीस वर्षं चोपलेली माती होती ती. काका घामानं निथळत उकरत राहिला. पहार लावल्याशिवाय आतले थर सुटत नव्हते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या खणाची माती निघाली, त्याच्या तळहातांना फोड आले, तेव्हा तो उतरला. त्या पावसात घर गळलं. चार ठिकाणी पातेली ठेवावी लागली. अव्वा एरवी पातेलं ठेवताना कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायची. त्या पावसात ती गप्प होती.

पुढं मी सिव्हिलचा डिप्लोमा केला. तिथं एका रिकाम्या तासाला मी आमच्या मधल्या खणाचा हिशेब मांडला होता. दहा बाय दहाचा खण, वर दोन फूट माती. म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास. वजन आठ-नऊ टन. एवढं वजन डोक्यावर घेऊन आमच्या तीन पिढ्या पाय पसरून झोपल्या होत्या. उभं वजन त्या खांबांना पेलत होतंच. आडवा हिसका बसला की गणित बदलतं. भिंत दिसायला दोन हात रुंद, पण ती एक भिंत नसते. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला दुसरी रांग, मध्ये गोटे आणि माती. आरपार जाणारे जोडदगड घातलेले नसले तर हादऱ्यात दोन्ही अंगं फुगून सुटी होतात. तुळया थेट अशा भिंतीवर टेकलेल्या असल्या की मग वरचं सगळं खाली येतं. किल्लारीचा भूकंप जगाच्या मानानं काही फार मोठा नव्हता, ६.२ च्या आसपास. पण तो जमिनीत उथळ झाला आणि गाव झोपेत होतं. सरकारी आकडा पावणेआठ हजारांच्या पुढं आहे, काही नोंदी दहा हजारांजवळ जातात.

तरी मला माळवदाला खुनी म्हणवत नाही. भूकंपानंतरच्या फोटोंत एक गोष्ट परत परत दिसते. भिंती चारी बाजूंना ढासळल्यात आणि मध्ये लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, वरच्या मातीसकट, तसाच उभा आहे. ज्या खणाचा भार खांबांवर होता, भिंतीवर नव्हता, तिथं बरीच माणसं वाचली. पण खांबांना लाकूड लागतं आणि लाकडाला पैसा. ज्याच्याकडं तो नव्हता त्यानं तुळई भिंतीत खुपसली. आणि माती मात्र फुकट होती, म्हणून गरिबानं आणि पाटलानं ती सारखीच टाकली.

त्यानंतर आमच्याकडं दिवाळीपर्यंत लोक अंगणात झोपले. थंडी पडली तेव्हा आत आले, पण दार उघडं ठेवून. सरकारनं किल्लारीच्या बाजूची ५२ गावं दुसरीकडं नव्यानं वसवली. इतर गावांत घरं बळकट करायचा कार्यक्रम निघाला आणि तो सोलापूर जिल्ह्यातही आला. त्यात सांगितलेलं साधंच होतं. वरची माती वीतभर ठेवा, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरप्या पट्ट्या मारा, भिंतीत जोडदगड घाला. कमी पैशात होणारं काम होतं. पण भीती बसलेल्या माणसाला दुरुस्ती पटत नाही, त्याला ते छतच नको असतं. माळवदं उतरली आणि पत्रे आले. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाही. त्याच्याखाली मे महिन्यात काय होतं ते ज्यानं काढलंय त्यालाच ठाऊक. घरोघर कूलर आले, आणि दुपारी नेमकी वीज जायची.

नोकरीला लागल्यावर मी एकदा नवं किल्लारी बघून आलो. रस्ते रुंद, घरं आखीव, जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. कागदावर चांगलंच काम आहे, आणि इतक्या थोड्या वेळात इतकी घरं उभी करणं सोपं नव्हतं हे या धंद्यातला माणूस म्हणून मला कळतं. पण घरांच्या पुढं लोकांनी पत्र्याची छपरं टाकली होती आणि म्हातारी माणसं त्यात झोपत होती. एका आजोबांना विचारलं, तर स्लॅबकडं बोट करून म्हणाले, "माती उकरता येती. ह्याला काय उकरायचं?" यावर माझ्या डिप्लोमाकडं उत्तर होतं, पण ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

इकडं आमची कुंभारीही ओळखू येत नाही. २००६ साली गावाच्या शिवारात गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची वसाहत झाली, दहा हजार घरांची. मग रे नगर ही दुसरी वसाहत. त्यातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांच्या ताब्यात आली. कामगार नेते आडम मास्तरांनी या घरांसाठी किती वर्षं मोर्चे काढले ते सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. गोदूताई वसाहतीतल्या एका मावशींकडं मी एकदा गळती बघायला गेलो होतो. विड्यांचं सूप मांडीवर, हात चालू, आणि मी आपला माळवद कसं गार असायचं ते सांगतोय. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही झोपडीत होतो भाऊ. पावसाळ्यात पोरांना मांडीवर घेऊन बसायचो. आम्हाला हे गारच हाय." मी गप्प बसून गळतीचा डाग तपासला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि विडी कारखान्यांतून वसाहतीतल्या बायकांना पान-तंबाखू मिळायचं बंद झालं. एकेका खोलीत पाच-सहा माणसं, एप्रिलचं ऊन, हातात काम नाही. ९३ साली घरात जायचं भय होतं, या खेपेला घराबाहेर पडायचं. संध्याकाळी लोक स्लॅबवर चढून बसायचे. आमच्याही पत्र्याखाली बसवेना, तेव्हा सगळं घर आपोआप मधल्या खणात गोळा झालं. काकानं निम्मी माती काढलेला आणि नंतर कुणी हात न लावलेला तेवढा एकच खण राहिला होता.

जुनं लाकूड घेणारा व्यापारी तुळयांची किंमत सांगून गेला आहे. भाऊ म्हणतो, देऊन टाकू आणि स्लॅब टाकू. मी म्हटलं, आधी नीट करून बघू. गेल्या उन्हाळ्यात उरलेली माती काढली, खांबांना तिरप्या पट्ट्या मारल्या, भिंतीत जोडदगड घातले. गवंडी तरुण होता, त्यानं माळवद कधी घातलं नव्हतं. मग सत्तरी ओलांडलेला काका शिडी चढून वर बसला आणि बोटानं दाखवत राहिला. नवी माती पसरली की वीत लावून बघायचा, जास्त वाटली की खरवडून काढायला लावायचा. निघालेली जुनी माती शेजाऱ्यानं ट्रॅक्टर लावून शेतात नेली.

पहिल्याच मोठ्या पावसात दोन ठिकाणी गळलं. काकूनं पातेली ठेवली आणि वर बघत म्हणाली, "दोन पाट्या माती टाका की अजून." काका बाजेवरून उठून बसला. "वीतभर म्हणजे वीतभर," म्हणाला. तेव्हापासून पाऊस आला की दोघांचं हे चालू होतं. मी मध्ये पडत नाही. सोलापुरातनं ताडपत्रीचा भाव काढून ठेवलाय.