लामेटासॉरसची कंबर

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही इंदूरला अक्काकडे गेलो होतो. तिचे घर तुकोगंजात. पोहे-जिलेबी खाता खाता भाऊजी माझ्या लेकीला म्हणाले, "बक्षिसाचे भाषण आम्हाला ऐकवणार ना?" ती लगेच उभी राहिली. जबलपूरचा लामेटासॉरस, अंगावर चिलखत, खाणे झाडपाला, डायनासोरयुगाच्या अगदी शेवटापर्यंत टिकून राहिलेला! भाषण मीच एका जुन्या पुस्तकावरून लिहून दिले होते.

भाऊजी भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी टाळ्या वाजवल्या, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "बाळ, हा प्राणी असा नव्हताच गं."

मग त्यांनी सगळे सांगितले. चार्ल्स मॅटली या इंग्रज भूशास्त्रज्ञाने जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर सापडलेली काही हाडे एकाच प्राण्याची धरून १९२३ मध्ये हे नाव दिले. कमरेची हाडे, नडगी आणि कातडीतल्या जाड हाडांच्या चकत्या, एवढाच ऐवज. १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्तींनी शंका काढली, की कंबर आणि नडगी तर दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहाऱ्याची दिसते! मग चकत्या कोणाच्या? लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनासोरांनाही अशा चकत्या असत, हे १९८० मध्ये अर्जेंटिनातल्या सॉल्टासॉरसमुळे पक्के झाले. जबलपूरच्या चकत्याही तशाच कोणाच्या असाव्यात, असे आज मानतात. म्हणजे खाणाऱ्याची कंबर आणि ज्याला खायचे त्याची कातडी, दोन्ही एका नावाखाली! मला हसू आले. तिला नाही.

"आई, सुळ्ळा?" रागावली की लेक वडिलांच्या भाषेत शिरते.

भाऊजी तिची समजूत घालू लागले. तमिळनाडूत अरियलूरजवळ सापडलेल्या द्रविडोसॉरसला १९७९ मध्ये पाठीवर पाट्या असलेला डायनासोर ठरवले होते. १९९६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांना तीच हाडे समुद्रातल्या सरीसृपाची वाटली. मोठमोठ्यांचेही असे होते, म्हणाले. पण तिची नजर माझ्यावरच होती.

कॉलेजात मुलांना 'संदर्भ तपासा' म्हणून बजावणारी मी, घरच्या भाषणाला मात्र एका पुस्तकावर भागवले होते. "सुळ्ळ नाही गं," मी म्हटले, "पण चूक माझीच."

शाळा उघडल्यावर बाईंना सांगायचे, हे तिनेच ठरवले. प्रशस्तिपत्र परत द्यावे लागेल का, एवढीच तिला धास्ती. परतीच्या गाडीत तिने वही काढली, 'चिलखती शाकाहारी' हे शब्द खोडले आणि त्यांच्या जागी काय लिहू म्हणून विचारले. मला दोन शब्दांत सांगता येईना.